युद्धनौकांची दुरुस्ती आणि व्यापारी गोद्या

नवी युद्धनौका पाण्यात उतरते तेव्हा नारळ फुटतो, बँड वाजतो, मंत्र्यांची भाषणे होतात. तीच नौका काही वर्षांनी दुरुस्तीसाठी गोदीत शिरते, तेव्हा तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक नौदलाचे बळ नोंदवहीतील नौकांवरून नव्हे, तर हुकूम मिळताच समुद्रात जाऊ शकणाऱ्या नौकांवरून मोजावयाचे असते. दुरुस्तीला एक वर्ष ठरले आणि दोन लागली, तर तेवढ्या काळापुरती एक नौका आपण गमावलीच, असे म्हटले पाहिजे.

हा विषय आज निकडीचा झाला आहे, कारण नौदलाच्या स्वतःच्या गोद्यांबाहेर फार मोठी कामे सोपविण्यात आली आहेत. जून २०२३ मध्ये ‘शंकुश’ या पाणबुडीच्या दुरुस्तीचे २,७२५ कोटी रुपयांचे कंत्राट माझगाव गोदीला मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘ब्यास’ या फ्रिगेटची वाफेवरची यंत्रे काढून डिझेलची बसविण्याचे सुमारे ३१३ कोटींचे काम कोचीन शिपयार्डकडे गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेचे १,२०७ कोटींचे कामही तेथेच देण्यात आले. या दोन्ही गोद्यांची मालकी मुख्यतः सरकारची असली, तरी त्यांचे भाग शेअर बाजारात विकले जातात. त्यांना नफा दाखवावा लागतो. चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथील लार्सन अँड टुब्रोची गोदी तर उघडच खाजगी आहे.

खाजगी की सरकारी, या वादात आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च होते. येथे मात्र खरा प्रश्न मालकीचा नसून कराराच्या स्वरूपाचा आहे. ज्या गृहस्थाने जुन्या वाड्याची डागडुजी काढली आहे, त्याला तो चटकन समजेल. गिलावा काढल्याशिवाय तुळई वाळवीने किती पोखरली आहे ते कळत नाही, आणि गिलावा काढल्यावर काम थांबविता येत नाही. नौकेचेही तसेच. सुक्या गोदीतून पाणी उपसले, तळाला चिकटलेले शिंपले खरवडले, आतले नळ सोडविले, की पत्रा कोठे गंजून कागदासारखा झाला आहे ते दिसू लागते. निविदा भरताना यातले फारच थोडे ठाऊक असते.

मग या अनपेक्षित कामाचा भार कोणी सोसावयाचा? एकूण रक्कम आधीच ठरवून टाकली, तर गोदी एकतर धास्तीपोटी भाव चढवून ठेवील, नाहीतर न दिसणाऱ्या जागी हात आखडता घेईल. उलट, होईल तो खर्च आणि वर ठरावीक नफा असे ठरविले, तर काम लवकर संपविण्यात तिला गोडी उरत नाही. यात कोणाच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. कराराने ज्याला जशी ओढ लावावी तसा तो वागतो. शिवाय सुकी गोदी ही अडवून ठेवता येणारी मर्यादित जागा आहे. बाहेर मालवाहू जहाजाचा मालक रोजच्या नुकसानीचा हिशेब करीत उभा असतो. नौदलाची नौका आत असेल आणि तिचा एखादा भाग परदेशाहून यावयाचा असेल, तर सगळेच अडून बसतात.

याचे बोलके उदाहरण विशाखापट्टणमचे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये पाया घातलेली ही व्यापारी जहाजांची गोदी. तिच्याकडे २००६ मध्ये ‘सिंधुकीर्ती’ ही रशियन बनावटीची पाणबुडी दुरुस्तीला आली आणि बाहेर पडली ती २०१५ मध्ये! नऊ वर्षांत एखादा मुलगा शाळेतून पदवीपर्यंत पोहोचतो. या दिरंगाईवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. याच गोदीने पुढे ‘सिंधुवीर’ पाणबुडीची दुरुस्ती पार पाडली, आणि ती २०२० मध्ये म्यानमारच्या नौदलाला देण्यात आली. पहिल्या कामाची किंमत केवळ त्या कामाची नसते. शिक्षणाची फीही तिच्यात असते. ती एकदा भरल्यावर पुढचे काम न देणे हा शुद्ध अपव्यय होय.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘चार्ल्स ड्र्यू’ हे अमेरिकी नौदलाचे रसदवाहू जहाज कट्टुपल्लीत दुरुस्त झाले. पुढे लार्सन अँड टुब्रो, माझगाव आणि कोचीन या तिघांशीही अमेरिकी नौदलाने दुरुस्तीचे करार केले. परकीय चलन मिळेल, कारागिरांना काम मिळेल, आनंदच आहे. मात्र अमेरिकेत तळ असलेल्या युद्धनौकांची मोठी दुरुस्ती परदेशी गोदीत करण्यास त्या देशाच्या कायद्याने मनाई केली आहे. प्रवासात उद्‌भवणाऱ्या दुरुस्तीला तेवढी सवलत आहे. बाजारपेठेचे गोडवे गाणारा हा देश आपल्या नौका कोणाच्या हाती द्याव्यात, हे केवळ बाजारावर सोपवीत नाही.

आपल्याकडे दृश्य कामाला पक्की रक्कम आणि अदृश्य कामाला आधी ठरविलेले दर, असा दुहेरी करार करणे अवघड नाही. एक टन पत्रा बदलण्याचा, एक मीटर नळ घालण्याचा दर आधीच ठरला असेल, तर पत्रा गंजलेला निघाल्यावर घासाघीस उरत नाही. गोदीतच हजर असलेल्या नौदलाच्या अभियंत्याला त्यावर सही करण्याचा अधिकार हवा. फाईल दिल्लीला जाऊन येईपर्यंत वेल्डर हातावर हात ठेवून बसतो आणि त्याचे पैसे शेवटी करदाताच भरतो. याच कारणासाठी मुंबईच्या नौदल गोदीतील कारागिरांची फळी कमी होऊ देता कामा नये. स्वतः काम करणारा कोणी पदरी नसेल, तर बाहेरच्याने मांडलेला आकडा खरा की फुगविलेला, हे नौदलाला सांगणार कोण? कंत्राटी कामगारांविषयीही हेच. पाणबुडीच्या कवचाला जोड देणारा हात तयार होण्यास वर्षे लागतात. त्याला दर कंत्राटासरशी घरी पाठविले, तर विशाखापट्टणमला भरलेली ती फी पुन्हा पुन्हा भरावी लागेल.

आणखी एक मागणी संसद सदस्यांनी धरावी. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीस ठरलेले दिवस किती आणि लागलेले किती, एवढे दोन आकडे दरवर्षी सभागृहापुढे ठेवावेत. यात गुप्ततेचा बाऊ करण्याचे कारण नाही. कोणती युद्धनौका किती महिने गोदीत उभी आहे, हे गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसणाऱ्या कोणाही उतारूला दिसते.