फासा आडवा पडल्यावर...

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "म्हणजे कॉम्प्युटर गेम ना?" आणि दुसरी, फासे दिसल्यावर, "जुगार खेळताय का रे?" दोन्ही चूक. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. पैसा नाही, डाव नाही, शेवटी कोणी एक जिंकला असंही नाही. तेव्हा शकुनीमामांचा इथे काहीही संबंध नाही, याची वॉर्डनसरांनी कृपया नोंद घ्यावी!

आता कुठली सिस्टीम बेस्ट, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं होतात. कोणाला ड्रॅगन हवेत, कोणाला जादू, कोणाला पुस्तकातली चित्रं. माझं म्हणणं असं की हे सगळं नंतर बघा. फासा आडवा पडल्यावर सिस्टीम तुमचं काय करते, ते आधी बघा.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या सगळ्यांचा आजोबा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली काढलेला. आज तो खेळताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि ठरलेला आकडा गाठला की काम झालं. फाशाच्या प्रत्येक बाजूची शक्यता सारखीच, ५ टक्के. समजा दार तोडायला १५ हवेत. अधिक ५ असलेला पैलवान १०० पैकी ५५ वेळा दार तोडणार आणि शून्यवाला काडीपैलवान ३० वेळा. म्हणजे पैलवान धडका मारून थकतो आणि मागून जादूगार येऊन कोपराने दार ढकलतो! मजा येते, नाही असं नाही. वीस पडल्यावर जी आरोळी उठते, ती मी क्रिकेट बघतानाही ऐकलेली नाही.

पण हुकलं तर? बहुतेक वेळा "काही होत नाही", पुढचा. थोडक्यात हुकलेल्याला किंमत घेऊन यश द्यावं, असा पर्याय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात आहे, पण तो वापरतो कोण? आमच्याकडे फर्स्ट इयरचा एक मुलगा पहिल्यांदाच खेळायला आला होता. अर्ध्या तासाने त्याची पाळी यायची आणि फासा पडायचा तीन, नाहीतर चार. तीन वेळा "काही होत नाही" ऐकलं, आणि चार्जर आणायचाय म्हणून जो गेला तो गेलाच. लाजाळू मुलाने धीर करून एक वाक्य बोलावं आणि खेळाने ते पुसून टाकावं, हे मला पटत नाही.

स्टीव्ह जॅक्सन गेम्सची १९८६ सालची गर्प्स ही इंजिनिअरची सिस्टीम. तीन साधे फासे टाकायचे, बेरीज आपल्या कौशल्याएवढी किंवा कमी आली की जमलं. तीन फासे म्हणजे बेल कर्व्ह आला. कौशल्य १४ असेल तर ९१ टक्के यश, ८ असेल तर २६ टक्के. पैलवान इथे पैलवानासारखा वागतो. गणित चोख आहे, पण पात्र बनवायला अख्खी संध्याकाळ बेरजा-वजाबाक्या! सबमिशन काय कमी आहेत?

१९८१ ची कॉल ऑफ कथुलू मला जास्त आवडते. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेली, सँडी पीटरसनने लिहिलेली. कौशल्यं सरळ टक्क्यांत. भयंकर काही दिसलं की शहाणपणाचे पॉइंट कमी होत जातात. शेवट बरा होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी, किंवा म्हणूनच, लोक खेळतात. सातव्या आवृत्तीत हुकलेला फासा पुन्हा टाकता येतो, पण पुन्हा हुकलात तर आधीपेक्षा वाईट घडणार. तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते ना! (दहा बाजूंचे फासे नसतील तर कॅल्क्युलेटरचं रॅन्डमचं बटण दाबा आणि पॉइंटनंतरचे पहिले दोन आकडे घ्या. चालतं.)

पण नवीन मुलांना बसवायचं असेल तर माझं मत डंजन वर्ल्डला. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डवरून २०१२ मध्ये आलेली. दोन साधे फासे. १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश. ७ ते ९ म्हणजे यश, पण काहीतरी मोजून : कुलूप उघडलं, पण आवाजाने पहारेकरी जागा झाला. ६ किंवा कमी, तर सूत्रधार संकट आणणार. ३६ शक्यतांपैकी ६ पूर्ण यशाच्या, १५ मधल्या, १५ संकटाच्या. अधिक १ मिळाला की १०, १६, १०. म्हणजे कसाही फासा पडो, गोष्ट पुढे सरकते. आणि खरी गंमत अशी की ६ किंवा कमी आले तर त्या खेळाडूला अनुभवाचा एक पॉइंट मिळतो. हुकल्याबद्दल! इंटर्नल्सना हे लागू करा म्हटलं तर एचओडी हाकलून देतील.

तक्रार एकच. ७ ते ९ इतक्यांदा येतात की तासाभरात सूत्रधाराकडच्या किमती संपतात आणि चौथ्यांदा तोच पहारेकरी जागा होतो. तेव्हा सूत्रधार म्हणून गप्पिष्ट माणूस शोधा, नियम पाठ असलेला नको. मेसमध्ये ज्याच्याभोवती घोळका असतो, तो. फासे ल्यूडोच्या डब्यातले चालतील.