बॅकअप घेतलात, पण उघडून पाहिलात का?

संगणकाशी गट्टी

बालमित्रांनो, 'टॉय स्टोरी' सिनेमातला वूडी तुम्हाला ठाऊक असेलच. तोच तो, डोक्यावर हॅट आणि पायात बूट घालणारा काउबॉय बाहुला. हा वूडी एकदा खरोखरच नाहीसा झाला होता, बरं का! सिनेमात नव्हे, संगणकातून.

ही गोष्ट १९९८ सालची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चं काम जोरात चालू होतं. हा सिनेमा संगणकावर तयार होत होता, म्हणजे वूडी, त्याची खोली, झाडं, रस्ते, सगळं काही फायलींमध्येच साठवलेलं. एके दिवशी कुणीतरी चुकून अशी आज्ञा दिली, की जिचा अर्थ होता, 'इथलं सगळं पुसून टाक.' संगणक बिचारा आज्ञाधारक! त्याने पुसायला सुरुवात केली. आधी वूडीची हॅट गेली, मग बूट गेले, मग अख्खा वूडीच गायब! लोकांच्या लक्षात आल्यावर धावाधाव झाली, मशीनची वायर उपटायला सांगितलं गेलं. पण तोवर उशीर झाला होता. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय, की सिनेमाचा ९० टक्के भाग पुसला गेला होता.

"त्यात काय एवढं? बॅकअप असेल की!" असं तुम्ही म्हणाल. तिथल्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. बॅकअप म्हणजे आपल्या फायलींची दुसरीकडे ठेवलेली जादा प्रत. पिक्सारमध्ये ती घेण्याची व्यवस्था होतीच. पण गरज पडली आणि बॅकअप उघडून पाहिला, तर तो नीट झालेलाच नव्हता! कधी उघडून पाहिला नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

मग सिनेमा वाचला कसा? गॅलिन सुसमन नावाच्या तिथल्या एका तंत्रज्ञ बाईंना नुकतंच बाळ झालं होतं. त्या घरून काम करत, म्हणून सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर नियमित उतरत असे. मंडळी गाडी काढून त्यांच्या घरी गेली, तो संगणक ब्लँकेटात गुंडाळला आणि एखाद्या तान्ह्या बाळासारखा जपत ऑफिसात आणला. वूडी परत मिळाला!

या गोष्टीतून दोन गोष्टी शिकायच्या. एक, प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. आणि दुसरी, जी लोक हमखास विसरतात, ती म्हणजे बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये, तो उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा!

आता आपण एका जुन्या, साध्या, पण भलत्याच हुशार मदतनीसाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव आरसिंक. इंग्रजीत आर, एस, वाय, एन, सी अशी पाच अक्षरं. आर म्हणजे रिमोट, दूरचा. सिंक म्हणजे जुळवून घेणं. दूरच्या फायलीशी जवळची फाइल जुळवणारा तो आरसिंक. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरास या दोघांनी तो १९९६ साली तयार केला. तो फुकट मिळतो आणि जगभर आजही वापरला जातो.

आरसिंकला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी? तर तो कामचुकार नाही, पण फुकटची मेहनतही करत नाही! समजा, तुमच्या 'शाळा' फोल्डरमध्ये ५०० फायली आहेत आणि आज तुम्ही फक्त ३ बदलल्या. आरसिंक प्रत्येक फाइलचा आकार आणि ती शेवटची बदलली ती वेळ बघतो. दोन्ही जुळलं, की ती फाइल सोडून देतो. ३ फायलींचीच प्रत करतो. म्हणजे पहिल्या दिवशी वेळ लागेल, पण रोजचा बॅकअप चुटकीसरशी!

आणि संगणक दूरच्या गावी असेल, तर तो याहून मोठी गंमत करतो. बदललेली फाइलसुद्धा पूर्ण पाठवत नाही, तिच्यातला बदललेला तुकडाच पाठवतो. पण समोरच्याकडची फाइल न बघता बदल कुठे झाला हे त्याला कळतं कसं? वही-पेन्सिल घ्या, आपण करूनच बघू.

समजा, तुमची ताई नाशिकला आहे आणि तुम्ही गावी. ताईकडे आकड्यांची जुनी पट्टी आहे: ४ ७ १ ९ ३ ६. तुम्ही तुमच्या पट्टीत सुरुवातीला ५ घातलात. आता तुमची नवी पट्टी झाली: ५ ४ ७ १ ९ ३ ६. ताईची पट्टी तुमच्यासारखी करायची आहे, पण फोनवर कमीत कमी बोलून.

ताई आपल्या पट्टीचे तीन-तीन आकड्यांचे तुकडे करते आणि फक्त बेरजा सांगते. पहिला तुकडा ४+७+१, बेरीज १२. दुसरा ९+३+६, बेरीज १८.

आता तुम्ही आपल्या पट्टीवर तीन आकडे दिसतील एवढी कागदाची खिडकी ठेवा. ५+४+७ म्हणजे १६. ताईकडे १६ नाही. खिडकी एक घर पुढे सरकवा. पुन्हा पूर्ण बेरीज करायची गरज नाही. मागे पडलेला ५ वजा करा, नव्याने आलेला १ मिळवा. १६ वजा ५ अधिक १ बरोबर १२. जुळलं की! हा ताईचा पहिला तुकडा. त्याच्यापुढचे तीन आकडे ९+३+६ म्हणजे १८. हा तिचा दुसरा तुकडा. आता ताईला एवढंच सांगायचं: "आधी ५ लिही, मग तुझा पहिला तुकडा, मग दुसरा." सात आकड्यांपैकी एकच आकडा कळवावा लागला!

कुणी चौकस मुलगा किंवा मुलगी विचारेल, "पण ७+१+४ ची बेरीजही १२ च येते. मग फसगत नाही का होणार?" शाब्बास! म्हणूनच आरसिंक दोन परीक्षा घेतो. पहिली सोपी आणि झटपट, आपण केली तशी सरकत्या बेरजेची. ती जुळली, तरच दुसरी खूप कठीण गणिताची परीक्षा. दोन्हींत पास होणारा तुकडाच 'तोच' मानायचा. खरा आरसिंक करतो त्या बेरजाही आपल्याहून जरा अवघड असतात, पण युक्ती हीच.

आता प्रत्यक्ष आज्ञा. लिनक्स आणि मॅक संगणकांवर हे काम बहुधा लगेच करता येईल. पहिल्या वेळी मोठ्या माणसांना शेजारी बसवा. 'शाळा' फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवरच्या 'नक्कल' फोल्डरमध्ये करायची असेल, तर आज्ञा अशी:

आरसिंक -आरटीव्ही शाळा/ पेनड्राइव्हचा-पत्ता/नक्कल/

इथे वाचायला सोपं जावं म्हणून आज्ञा देवनागरीत छापली आहे. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची. फोल्डरची नावंही इंग्रजीत ठेवलीत तर सोपं जाईल. आधी छोटीशी वजाची रेघ आणि तिला चिकटून तीन अक्षरं. आर म्हणजे आतल्या फोल्डरांतही शिर. टी म्हणजे फायलींच्या तारखा-वेळा जशाच्या तशा ठेव. व्ही म्हणजे काय करतोस ते मला सांगत जा. त्यानंतर 'कुठून' आणि मग 'कुठे'. हा क्रम पक्का लक्षात ठेवा, कुठून आधी, कुठे नंतर! पेनड्राइव्हचा पत्ता प्रत्येक संगणकावर वेगळा असतो. त्याचा फोल्डर उचलून काळ्या खिडकीत सोडला, की बहुतेक वेळा पत्ता आपोआप उमटतो.

'शाळा' नंतरची ती तिरपी रेघ दिसली का? ती असेल, तर 'शाळा' च्या आतल्या वस्तू उचलल्या जातात. ती नसेल, तर 'शाळा' हा फोल्डरच उचलला जातो. एवढ्याशा रेघेने केवढा फरक!

घाई करू नका. आज्ञा देण्याआधी त्या तीन अक्षरांना एन हे चौथं अक्षर जोडा. मग आरसिंक प्रत्यक्षात काहीच करत नाही, काय करणार आहे त्याची यादी तेवढी दाखवतो. नाटकाची रंगीत तालीमच म्हणा ना! यादी बरोबर वाटली, की एन काढायचा आणि खरा प्रयोग करायचा.

एका शब्दापासून मात्र सावध राहा. तो शब्द म्हणजे डिलीट. आज्ञेत दोन वजाच्या रेघा आणि त्यांना जोडून हा शब्द लिहिला, तर मूळ फोल्डरमध्ये जी फाइल नाही, ती आरसिंक प्रतीमधूनही पुसतो. प्रत नीटनेटकी राहते खरी. पण 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर? रिकाम्या पेनड्राइव्हसारखा तुमचा 'शाळा' फोल्डरही रिकामा! शिवाय काळ्या खिडकीतून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही. म्हणून सध्या या शब्दाला हातच लावायचा नाही.

ज्यांच्याकडे विंडोज आहे, त्यांनी हिरमुसू नका. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाचा असाच एक मदतनीस आधीपासून असतो. न बदललेल्या फायली तोही सोडून देतो. फक्त त्याचा 'मिर' हा पर्याय वापरू नका. तो पर्याय डिलीटसारखाच पुसापुशी करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा, तपासणीचा. आठवड्यातून एकदा 'तपासणी' नावाचा नवा रिकामा फोल्डर करा आणि उलटी आज्ञा द्या. या वेळी 'कुठून' म्हणजे पेनड्राइव्हवरची नक्कल आणि 'कुठे' म्हणजे 'तपासणी'. मग त्यातल्या कुठल्याही पाच फायली उघडा. चित्र दिसतंय? निबंध वाचता येतोय? गाणं वाजतंय? मग खुशाल पाठ थोपटून घ्या. संगणकाकडूनही तपासून घेता येतं. मूळ फोल्डरपासून नकलेकडे जाणारी आज्ञा पुन्हा लिहा, पण आरटीव्ही ऐवजी आरसीएनव्ही ही अक्षरं द्या. सी म्हणजे तारखेवर विश्वास ठेवू नकोस, फाइल आतून वाचून बघ. एन असल्यामुळे काही बदलणार नाही. ज्या फायली जुळत नाहीत, त्यांचीच नावं येतील. एकही नाव आलं नाही, तर प्रत अगदी तंतोतंत आहे!

अजून एक धोका राहिला. समजा, तुम्ही निबंध लिहिलेल्या फाइलमध्ये चुकून भलतंच काही लिहून ठेवलंत आणि मग बॅकअप घेतलात. आरसिंक ती चूकही इमानाने पेनड्राइव्हवर उतरवणार. त्याला काय माहीत तुमच्या मनात काय आहे! म्हणून दोन पेनड्राइव्ह ठेवा. एका आठवड्याला एक, दुसऱ्या आठवड्याला दुसरा. एकावर चूक उतरली, तरी दुसऱ्यावर आधीच्या आठवड्याची फाइल शाबूत!

आई-बाबांसाठी

घरातले फोटो, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, मुलांनी केलेली चित्रं बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने सांगितलेला ३-२-१ चा नियम ध्यानात ठेवा. महत्त्वाच्या फायलींच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे मामाचं घर किंवा आत्याचं घरही चालेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. अशा वेळी संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटात असतील, तर दोन्ही भिजणार. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात, एप्रिल फूलच्या बरोबर आदल्या दिवशी! पण त्याची वाट कशाला पाहायची? येत्या रविवारी मुलांना घेऊन बसा.

या आठवड्याचा गृहपाठ

ताईची जुनी पट्टी: २ ८ ५ ६ १ ९. तिने तीन-तीनचे तुकडे करून बेरजा सांगितल्या, १५ आणि १६. तुमची नवी पट्टी: २ ८ ५ ७ ६ १ ९. कागदाची खिडकी सरकवत जा आणि शोधा, ताईला कमीत कमी काय सांगावं लागेल?

दुसरा गृहपाठ: घरात कुणाकडे तरी 'बॅकअप घेतलाय' असं म्हणून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा सीडी असेलच. परवानगी घेऊन ती उघडून बघा. आत खरंच काय निघतं?

(उत्तर: "तुझा पहिला तुकडा, मग ७, मग तुझा दुसरा तुकडा." खिडकी ७+६+१ वर आली, तेव्हा बेरीज १४ आली, ती जुळली नाही. ७ वजा केले, ९ मिळवले, की झाले १६!)