केसपेपरवर न येणारा डबा

‘काही औषधे चालू आहेत का?’ या आपल्या ठरलेल्या प्रश्नाला कॉलेजचा मुलगा बेधडक ‘नाही’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. व्हे प्रोटीन, क्रिएटिन, केसांसाठीची बायोटिनची गोळी, यांतले काहीच त्याच्या लेखी औषध नाही. डब्यावरही ‘औषधी वापरासाठी नाही’ असे नियमानुसार छापलेलेच असते. मग ते केसपेपरवर येणार कसे?

न आल्याने काय होते, ते बायोटिनवरून पाहा. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची. केसगळतीसाठी सर्रास खपणाऱ्या गोळीत ते १० मिलिग्रॅम असते, म्हणजे अडीचशे-तीनशे पट. थायरॉइडच्या अनेक चाचण्या बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जोडीवर चालतात. रक्तात बायोटिन जादा असले, तर अशा चाचणीत टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते. समोर केस गळणारी, परीक्षेच्या ताणाने छाती धडधडणारी मुलगी आणि हातात असा रिपोर्ट. कार्बिमॅझोल लिहायला आणखी काय हवे? गोळी दोन-तीन दिवस थांबवून रक्त पुन्हा तपासले, तर बहुधा सारे आकडे जागेवर येतात. ट्रोपोनिनही असेच फसवे कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला, त्यात अशाच एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद होती.

क्रिएटिनने क्रिएटिनिन थोडे वाढते, मूत्रपिंड सहसा शाबूत असते. डब्याची कल्पना नसली की धडधाकट पोराची नेफ्रॉलॉजिस्टकडे नाहक वारी होते.

मुलांना काही कळत नाही, हा आपला आवडता समज. तो अर्धाच खरा. आयसोलेट आणि कॉन्सन्ट्रेटमधला फरक ती आपल्यापेक्षा चांगला सांगतात. पण ६५ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने पुरतात, हा राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात, हे मान्य. (आणि मेसचे वरण पाहता मुलांची काळजी अगदीच अनाठायी नाही.) डब्यावर लिहिलेले डब्यात असतेच असेही नाही. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ३६ पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. प्रथिनांचा आकडा बहुधा नायट्रोजन मोजून काढतात. स्वस्त ग्लायसिन मिसळले तरी तो फुगतो.

याबद्दल मुलांना झापण्याआधी आपल्याच चिठ्ठ्या चाळाव्यात. साध्या तापाच्या औषधांखाली बी-कॉम्प्लेक्स नि मल्टिव्हिटॅमिन सवयीने कोण लिहिते? थकवा आला की गोळी घ्यायची, हे मुले इन्स्टाग्रामच्या आधी दवाखान्यात शिकलेली असतात.

तेव्हा प्रश्नच बदलू या. ‘जिमला जातोस का? शेकमध्ये काय काय घालतोस? केसांसाठी, झोपेसाठी, जागरणासाठी काही घेतोस?’ डब्याचा फोटो मागवून घ्यावा, रोजचे स्कूप किती ते लिहावे. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २००-३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्याच्या ईसीजीइतकेच हेही महत्त्वाचे. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याची की रोजची, हे तर स्पष्ट विचारावेच. आणि बायोटिनचा प्रश्न आपल्या नेहमीच्या लॅबमधल्या, रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञालाही विचारायला सांगावे. पुष्कळ मुले हल्ली आपल्याकडे न येता थेट तिथेच जातात.