धूर कोणाचा आणि दंड कोणास ?

गेल्या पौषांत एके दिवशीं सकाळीं आम्ही अंबडच्या रस्त्यानें जालन्यास येत होतों. सूर्य कासराभर वर आला होता, तरी शहराच्या बाजूस आभाळ दिसत नव्हतें. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर करड्या रंगाचा एक थर सारखा पसरलेला होता. गाडींतील एका गृहस्थांनीं तत्काळ निकाल दिला कीं, हा सारा लोखंडाच्या कारखान्यांचा प्रताप. त्यांच्या शेजारीं बसलेल्या वृद्ध शेतकऱ्यानें शांतपणें विचारलें, "आणि काल रात्रीं तुमच्या शिवारांत पऱ्हाटी कोणीं पेटविली होती ?" ते गृहस्थ गप्प बसले. खरें सांगावयाचें तर आम्हीही खिडकीबाहेर पाहूं लागलों. कारण त्याच्या आदल्याच वर्षीं आमच्या स्वतःच्या शेतांतील पऱ्हाटीस आम्हीं आपल्या हातानें काडी लाविली होती, व त्या आगींत बांधावरचा आमच्या वडिलांनीं लाविलेला लिंब एका अंगानें होरपळून गेला होता.

हा विषय आतां केवळ गाडींतील गप्पांचा राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें २०१९ च्या जानेवारींत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. जीं शहरें लागोपाठ पांच वर्षें हवेच्या परीक्षेंत नापास झालीं त्यांची एक यादी झाली, आणि तींत मुंबई, पुणें, नागपूर ह्या थोर मंडळींच्या पंक्तीस आमचें जालनेंही जाऊन बसलें. मान म्हणावा कीं अपमान, हें वाचकांनींच ठरवावें. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें एक घनमीटर हवेंत धुळीचे कण वर्षाच्या सरासरीनें ६० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नयेत, व त्यांतील अति सूक्ष्म कण ४० पेक्षां अधिक असूं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ह्या सूक्ष्म कणांची मर्यादा अवघ्या ५ वर आणून ठेविली आहे. हे कण म्हणजे डोळ्यांत जाणारी धूळ नव्हे. माणसाचा एक केस त्यांच्या सुमारें तीसपट जाड असतो. नाकांतील केसांस ते दाद देत नाहींत, फुप्फुसाच्या तळाशीं जाऊन बसतात आणि तेथून रक्तांतही उतरतात. लांकूड, शेणी, पऱ्हाटी, पाचट, कांहींही अर्धवट जळलें कीं त्यांतून मुख्यत्वें हेच कण निघतात. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार व जड होऊन खालींच बसते, वर उबदार हवेचें झांकण पडतें, आणि रात्रीं केलेला धूर सकाळीं आपल्याच दारांत उभा राहतो.

कारखान्यांचा दोष आम्ही नाकारीत नाहीं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील भट्ट्यांवर व धुराड्यांवर नियम हवेतच, आणि ते कागदावर न राहतां अंमलांत यावयास हवेत. परंतु शहराची हद्द जेथें संपते तेथें धूर संपत नाहीं. आम्हीं आयुष्याचीं तीस वर्षें महसुलाच्या दप्तरांत घालविलीं. प्रत्येक वस्तूस गट नंबर असतो अशी आमची समजूत होती. वाऱ्याचा सातबारा मात्र कोणत्याही तलाठ्याजवळ नाहीं. २०२३ सालीं जालन्यास महानगरपालिका झाली. तिनें उद्यां शहरांतील सरपणाच्या भट्ट्यांवर, केरकचरा पेटविण्यावर अधिक कडक नियम केले तर शेजारच्या गांवांकडे तिची किंवा सरकारची नजर वळणारच, हें आपण धरून चालावें. म्हणून नियम येण्यापूर्वींच तो कसा असावा हें शेतकऱ्यांनीं बोलून दाखविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

असे नियम कांहीं आजचे नव्हेत. मुंबई इलाख्यांत धुराच्या उपद्रवाविषयींचा कायदा १९१२ सालींच झाला होता. आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या अमलाखालीं असल्यामुळें त्याचा आपल्याशीं संबंध आला नाहीं. पण विचार करण्याजोगें उदाहरण आहे तें लंडनचें. १९५२ च्या डिसेंबरांत त्या शहरावर कोळशाच्या धुराचें असें दाट धुकें बसलें कीं, पांच दिवसांत हजारों माणसें दगावलीं. आणि तो धूर केवळ गिरण्यांचा नसून घरोघरच्या शेगड्यांचाही होता. चार वर्षांनीं, १९५६ सालीं, तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला व धूरबंदीचे विभाग ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस मिळाला. मात्र त्याच कायद्यांत, घरांतील जुनी शेगडी काढून नवी बसविण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारनें व स्थानिक संस्थेनें सोसावा, अशीही तरतूद होती. एका हातांत बंदी व दुसऱ्या हातांत शेगडीचे पैसे, असा तो कायदा होता. आपल्याकडे पहिला हात लवकर पुढें येतो.

मुंबईचेंच पाहा. २०२५ च्या जानेवारींत उच्च न्यायालयानें तेथील लांकडावर व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांस आणि हॉटेलांच्या तंदूरांस सहा महिन्यांच्या आंत गॅस किंवा विजेकडे वळण्याचा आदेश दिला. हेतूविषयीं वाद नाहीं. दाट वस्तींत दिवसरात्र पेटणारी भट्टी शेजाऱ्यांच्या छातीवरच पेटलेली असते. परंतु जुन्या फर्निचरच्या स्वस्त लांकडावर पाव भाजणाऱ्या लहान बेकरीवाल्यास नवी भट्टी बांधण्यास भांडवल कोठून आणावें, हा प्रश्न लगेच पडला, व मुदतीवरून तक्रारीही सुरू झाल्या. आज जें पाववाल्यावर आलें तें उद्यां गुऱ्हाळवाल्यावर व वीटभट्टीवाल्यावर येईल.

कायद्याची भाषा आम्हीं वाचली आहे. ती जुनी खोड आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या १९ व्या कलमान्वयें राज्य सरकार एखादें क्षेत्र नियंत्रणाखालीं आणूं शकतें, तेथें अमुक सरपण वापरूं नये असें ठरवूं शकतें, आणि जें सरपण नव्हे असा कोणताही पदार्थ जाळण्यासही मनाई करूं शकतें. म्हणजे तीच पऱ्हाटी चुलींत असली तर एका पोटकलमाखालीं व शेतांत पेटविली तर दुसऱ्या पोटकलमाखालीं येते. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालींच ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे.

दिल्लीच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठीं दंडाचा तक्ता निराळा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून, दोन एकरांखालील खातेदारानें शेतांतील अवशेष जाळल्यास ५,००० रुपये, दोन ते पांच एकरवाल्यास १०,००० व पांच एकरांवरील खातेदारास ३०,००० रुपये. वरवर पाहतां मोठ्यास मोठा दंड, म्हणून न्याय्य वाटतो. पण कारकुनाच्या नजरेनें पाहा. एका एकराच्या धन्यास एकरीं ५,००० पडले; वीस एकरांच्या धन्यास एकरीं १,५०० च. आणि ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याच्याकडेच बहुधा ट्रॅक्टर असतो, कुट्टी करून घेण्याची ऐपत असते. असा तक्ता उद्यां आपल्या जिल्ह्यास लागू करण्याची कोणास बुद्धि झाली तर त्याचा पहिला पंचनामा कोणाच्या शेतांत होईल हें सांगावयास ज्योतिषी नको. पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले आहेत.

आतां आपल्या कपाशीचें दुखणें. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें आपलीं शेतें कशीं धुवून नेलीं हें कोणी विसरलेलें नाहीं. तेव्हांपासून कृषिखात्याचें सांगणें असें कीं, फरदड घेऊं नये, हंगाम वेळेवर संपवावा, पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावावी, व ती बांधावर किंवा घराजवळ रचून ठेवूं नये. कारण न उमललेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्त राहून पुढच्या पिकावर येते. हें शास्त्र खरें आहे. पण विल्हेवाट म्हणजे काय ? एकरीं साधारण टनभर पऱ्हाटी निघते. मजूर मिळत नाहीं, रब्बीची घाई असते, म्हणून शेतकरी काडी लावितो व समजतो कीं आपण खात्याची आज्ञा पाळली. एक खातें म्हणतें नाहीशी करा, दुसरें म्हणतें जाळूं नका. दोघांच्या मध्यें उभा राहणाऱ्यानें काय करावें तें दोघांनीं एका कागदावर लिहून द्यावें.

पेटविल्यानें राख खत होते, असें म्हणणारे आमच्या गांवांतही आहेत. राखेंत पालाश राहतो हें खरें. परंतु नत्र व गंधक बहुतेक धुराबरोबर उडून जातें, आणि जमिनीस ज्या सेंद्रिय द्रव्याची खरी भूक आहे तें तर समूळ जातें. आपल्या काळ्या जमिनीवर कुट्टी पसरून ती कुजूं दिली तर ओल टिकते. उसाच्या पाचटाचें तेंच आहे. अंबड व घनसावंगीकडील बागाईतदारांनीं ज्या सरींत पाचट ठेविलें त्या सरीस उन्हाळ्यांत पाणी कमी लागतें, हें त्यांनीं स्वतः पाहिलेलें आहे. पऱ्हाटीचे ठोकळे करून ते बॉयलरसाठीं विकतां येतात. मात्र वाहतूक परवडेल इतक्या अंतरावर घेणारा पाहिजे. तो नसेल तर कुट्टी शेतांतच राहिलेली बरी.

येथवर लिहिलें तें शेतांतील धुराविषयीं. तें लिहिणें सोपें होतें. घरांतील धुराविषयीं लिहितांना लेखणी अडखळते.

आमच्या कुटुंबास चार वर्षांपूर्वीं दम लागूं लागला. आडावरून घागर आणतांना दोनदां बसावें लागे. शहरांतील डॉक्टरांनीं छाती तपासली, नळींत फुंकावयास लाविलें आणि विचारलें, "बाई, बिडी किंवा तंबाखू ओढतां का ?" त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. ज्या बाईनें जन्मांत विडीस हात लाविला नाहीं, तिच्या फुप्फुसाची अवस्था चाळीस वर्षें विड्या ओढणाऱ्यासारखी झाली होती. पहांटे बंब, मग चहा, भाकरी, दुपारीं जनावरांचें आंबोण, संध्याकाळीं पुन्हां भाकरी. दिवसाचे पांच तास ती बंद खोपटांत फुंकणी घेऊन बसे. आणि घरांत गॅस होता. कोनाड्याशेजारीं टाकी उभी होती. पाहुणे आले तर चहापुरती पेटे. पऱ्हाटी फुकटची, टाकीस पैसे पडतात, हा हिशेब आमचा होता. सरकारी दप्तरांत ज्याच्या बेरजेंत कधीं चूक निघाली नाहीं, त्यानें घरच्या हिशेबांत ही एक रक्कम धरलीच नव्हती.

केंद्र सरकारनें १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखालीं गरीब घरांत बायकांच्या नांवें गॅसजोडण्या दिल्या, हें काम मोठें झालें. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणींत खेड्यांतील शंभर घरांपैकीं सुमारें ४३ घरेंच स्वच्छ इंधनावर मुख्यत्वें स्वयंपाक करीत होतीं. टाकी मिळणें निराळें व ती दरमहा भरणें निराळें. घरांतील ह्या धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें अकालीं मेलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बायकांचे मोतीबिंदू, मुलांचा न्युमोनिया, ह्यांचें मूळही पुष्कळ वेळां चुलीपाशीं सांपडतें. निर्धूर चुलींचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून जवळजवळ वीस वर्षें चालला. पण ज्या घरांत धुराडें फुटलें तें पुन्हां कोणीं बसविलें नाहीं, आणि बहुतेक चुली पुन्हां जुन्या झाल्या.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, चुलीवर दंड हा विचारच अन्यायाचा ठरेल. जी बाई धूर गिळते तिच्याकडूनच त्याचे पैसे वसूल करणें म्हणजे बुडणाऱ्याकडून पाण्याचा आकार घेण्यासारखें आहे. वीटभट्टी, गुऱ्हाळ, हॉटेल व शहरांतील कचऱ्याचे ढीग ह्यांस नियम आधीं लागू व्हावा. शेतांतील जाळण्यास बंदी आणावयाची तर ज्या मंडळांत कुट्टीयंत्र भाड्यानें मिळूं लागलें तेथेंच ती आणावी, व दंड एकराच्या प्रमाणांत असावा, टप्प्यांत नसावा.

परंतु सरकारास उपदेश करून आपण मोकळे होत नाहीं. ह्या मासिकाचे वाचक बहुतेक जमीनधारक आहेत. आपल्या शेतावर सालगड्याचें बिऱ्हाड असतें. त्यास आपण सालाबरोबर जोंधळे देतों, धोतरजोडी देतों, आणि जळणास पऱ्हाटी ने म्हणतों. त्यांत वर्षाच्या चार टाक्या भरून देण्याचा करार घातला तर आपला संसार बुडणार नाहीं. आम्हीं गेल्या गुढीपाडव्यास तसा करार केला. शेजारच्या दोघांनीं आम्हांस त्याबद्दल बोल लाविला कीं, आतां सगळेच गडी मागूं लागतील. मागूं द्यावें.

कुट्टीयंत्र एकट्यानें घेणें लहान खातेदारास शक्य नाहीं. आपल्या संस्थेनें पांच-सहा गांवांस मिळून एक यंत्र घ्यावें, ट्रॅक्टर सभासदांचा असावा, भाडें एकराप्रमाणें ठरवावें आणि दोन एकरांखालील खातेदारांची पाळी आधीं लावावी, अशी सूचना आम्हीं लेखी दिली आहे. कपाशी डिसेंबरअखेर काढावयाची तर यंत्राचा निर्णय दसऱ्यापूर्वीं व्हावयास हवा. ज्यांस त्यांत भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं आपला गट नंबर व कपाशीचें क्षेत्र संस्थेच्या कचेरींत नोंदवावें.

आमच्या घरीं स्वयंपाक आतां गॅसवर होतो. भाकरीस चुलीची चव नाहीं, अशी तक्रार पहिल्या महिन्यांत आम्हींच केली होती. कुटुंबानें उत्तर दिलें नाहीं, फुंकणी मात्र आमच्या पुढ्यांत आणून ठेविली. बंब अद्याप पऱ्हाटीवरच तापतो. तो परसांत उघड्यावर, घराच्या वाऱ्याआड नेऊन ठेविला आहे, व तो पेटविण्याचें काम आतां आमच्याकडे आहे.