झाडे कुणी पाहायची?

आमच्या जालन्याकडची मंडळी मुंबईस गेली की राणीची बाग पाहून येतात. काय पाहिले म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: पेंग्विन! १८६२ साली उघडलेली ही बाग मुळात झाडांची. गोरखचिंच, कैलासपती, ब्रह्मदेशची उर्वशी तिथे आहेत. पण दुतर्फा झाडांच्या वाटेवरून लोक धावत सुटतात. २०१६ साली आलेल्या पेंग्विनांसाठी आपण थंड घर बांधले. झाडे उन्हात उभी राहून आपल्यालाच थंडावा देतात. होरपळणाऱ्या मराठवाड्याने तरी सावलीची किंमत जाणावी! ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यावर कुऱ्हाड पडली तर रडणार कोण? सुटीत मुलांना न्याल, तेव्हा आधी पाच झाडांची नावे शिकवा. मग खुशाल पेंग्विन दाखवा.