गरी टाकणाऱ्यांनो, मर्यादा आपणच मागू या

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हौसेने गरवायला बसणाऱ्या सगळ्यांना हे जाहीर आवाहन आहे. जेट्टीवर, खाडीच्या पुलाखाली, मुखाजवळच्या खडकांवर कुठेही बसा, एकच बोलणं कानावर येतं. सरकारने मासे पकडण्याचे नियम केले, पण आपल्याला कुणी विचारलं नाही. कुठल्या माशाला किती माप हे सांगायला कुणी येत नाही; रीळ-काठी दिसली की उठवायला मात्र कुणीतरी येतं. हा राग खोटा नाही. मीही गरवणारा आहे आणि तो राग माझाही आहे.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981चा. नौका आणि जाळी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला गेला. 2021मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. 2023मध्ये 54 जातींची किमान मापं ठरली. पापलेट 135 मिलिमीटर, घोळ 700 मिलिमीटर, अशी ती यादी आहे. माशाने निदान एकदा तरी अंडी घालावीत आणि मगच तो पकडला जावा, हा त्यामागचा विचार अगदी योग्य आहे. पण किनाऱ्यावर काठी घेऊन बसलेला माणूस या चौकटीत कुठे बसतो? त्याने दिवसाला किती मासे घरी न्यावेत? याबद्दल कायद्यात काही नाही. आणि लिहिलेला नियम नसला की अडवणारा सांगेल तो नियम होतो.

दुसरी सल अधिक खोल आहे. राज्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 रोजी बंदी आणली आणि 2021च्या दुरुस्तीने त्यासाठी 5 लाख ते 20 लाख रुपये दंड ठेवला. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांना या प्रश्नावर पुन्हा पुन्हा आंदोलन करावं लागतं. दिव्यांच्या उजेडात एका रात्री जितका मासा जाळ्यात ओढला जातो, तितका एका गरीला साऱ्या जन्मात लागायचा नाही. ‘आधी त्यांना पकडा’ असं कुणी म्हटलं तर त्याला चूक म्हणायची माझी तयारी नाही. त्या लढ्यात आपण रापणकरांच्या आणि छोट्या होड्यांच्या बाजूने उघडपणे उभं राहायला हवं.

पण तेवढं म्हणून थांबलो तर आपण स्वतःला फसवू. जाळं पिलं मारतं, हे खरं. हौशी गरी नेमका मोठा मासा शोधते, कारण फोटो त्याचाच काढायचा असतो.

जिताड्याचंच घ्या. रायगडच्या खारेपाटात घरच्या तळ्यात वाढवलेला आणि खाडीत आपल्या काठीला झुंजवणारा हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. काही वर्षं नर म्हणून जगल्यावर, पुरेसा वाढला की तो मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नेहमीच मादी असतो, एका हंगामात लाखो अंडी घालू शकणारी. पावसाळ्याच्या सुमाराला हे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंदरात बांधलेल्या असतात. आपण मात्र त्याच दिवसांत त्याच मुखाशी गरी टाकून बसतो, कारण आपल्याला मना करणारा नियम नाही. किमान मापाची पट्टी इथे उपयोगाची नाही. इथे कमाल माप हवं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ते आहे. मासा हाच, तिथे त्याला बॅरामुंडी म्हणतात. 58 सेंटिमीटरहून लहान आणि 120 सेंटिमीटरहून मोठा मासा पाण्यात परत सोडावाच लागतो. पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या विणीच्या काळात, तो पकडायला बंदी असते. तिथले गरवणारे या नियमांसह गरवतात आणि मोठा मासा सोडून देण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

नियम करणाऱ्याचा आणि गरवणाऱ्याचा विश्वास तुटला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. अमेरिकेलगतच्या मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर मिळतो, आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा. 2017मध्ये खासगी बोटींवरून गरवणाऱ्यांना तिथल्या केंद्र सरकारने त्या माशासाठी वर्षाकाठी फक्त 3 दिवस दिले. एवढा ओरडा झाला की नंतर आणखी 39 दिवस वाढवावे लागले. हौशी लोक नेमके किती मासे नेतात, हा त्या भांडणातला कळीचा मुद्दा होता. अलाबामा राज्याने 2014पासूनच गरवणाऱ्यांना आपापली नोंद कळवणं सक्तीचं केलं होतं. 2018पासून आखाताकाठच्या राज्यांना आपापला हंगाम आणि मोजदाद सांभाळायची मुभा मिळू लागली. यातून मी एवढंच घेतो की ज्याच्याकडे स्वतःची नोंद असते, त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड जातं. आपल्याकडे आज ती नोंद नाही.

म्हणून माझी विनंती आहे की नियम नकोत असं म्हणण्याऐवजी आपण नियम मागू या. प्रत्येक जेट्टीवर आणि खाडीपुलाजवळ मापांचा फलक लागावा, मराठीत, माशाच्या चित्रासह आणि त्या तालुक्यात चालणाऱ्या नावांनी. कारण एकाच माशाला पालघरात एक नाव आणि मालवणात दुसरं असतं. हौशी गरवणाऱ्यासाठी साधा, नाममात्र शुल्काचा परवाना असावा, म्हणजे उठवायला येणाऱ्याला दाखवायला हातात कागद राहील. दिवसाची संख्या ठरावी. माझ्या मते माणशी एक जिताडा पुरेसा आहे. जिताड्याला कमाल माप असावं आणि पावसाळ्याचे दोन महिने खाडीमुखाशी त्याला हात लावू नये.

यात एक काळजी घ्यायलाच हवी. संध्याकाळच्या कालवणासाठी तंगूस आणि गरी घेऊन खाडीवर जाणारा माणूस हौशी नाही. परवाना आणि शुल्क त्याच्या माथी मारलं तर तो अन्याय होईल, आणि अशा नियमाला आपण पाठिंबा देता कामा नये. तसंच, हौसेने धरलेला मासा हॉटेलात विकणं आजच थांबवा. तो बाजार कोळणीच्या पाटीचा आहे. शहरातून गाडीने आलेल्या माणसाने तिथे मासा विकायला बसू नये.

सरकार जागं होईपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पेटीत मोजपट्टी ठेवा. सोडायचा मासा कोरड्या फडक्याने धरू नका, हात ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमा चिघळतात. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवू नका, दोन्ही हातांनी आडवा धरा. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. फोटो एकच काढा. प्रत्येक फेरीत काय लागलं, किती लांबीचं, किती सोडलं, हे वहीत टिपून ठेवा. आणि पावसाळ्यात लाटांच्या खडकांवर जाऊ नका. दरवर्षी त्या खडकांवरून माणसं वाहून जातात.

येत्या 1 जूनच्या आत आपापल्या जिल्ह्यातल्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांना या मागण्यांचं पत्र द्या, सोबत आपल्या वहीतल्या नोंदींची प्रत जोडा आणि पोच घ्या. किनाऱ्यावरच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि मांडण्याआधी गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेशी बोलून घ्या. त्यांचा विरोध असेल तर तो आधी ऐका आणि मगच पत्रावर सही करा.