वृद्धाश्रमात वजनकाटा घेऊन या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली

विषय : दोन्ही जिल्ह्यांतील वृद्धाश्रमांमधल्या देखभालीची दरवर्षी तपासणी करून तिचा अहवाल जाहीर करण्याबाबत

महोदय,

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या माणसांची देखभाल कशी होते, हे दरवर्षी तपासावे आणि जे आढळेल ते लोकांसमोर ठेवावे, ही एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. परिचारिका म्हणून माझे आयुष्य दवाखान्यांत गेले. खाटेवरच्या माणसाची काळजी नीट घेतली जाते की नाही, हे वॉर्डाच्या दारातून कळत नाही. जवळ जाऊन पांघरूण बाजूला करावे लागते, टाचा आणि माकडहाड पाहावे लागते, जिभेवर ओल आहे का ते पाहावे लागते. वृद्धाश्रमांची तपासणीही अशीच जवळ जाऊन व्हावी.

तपासणी म्हटले की नोंदणीचा कागद, खोल्यांची संख्या, खाटा, संडास, स्वयंपाकघर आणि रजिस्टर पाहण्याकडे आपला कल असतो. हे सगळे पाहायला हवेच. पण खाट आहे म्हणजे त्या खाटेवरच्या आजीला कुणी कुशीवर वळवते असे नाही. अवेडिस डोनाबेडियन या वैद्यकीय अभ्यासकाने १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधायला सांगितले : साधने काय आहेत, काम कसे होते आणि शेवटी माणसाचे काय झाले. आपण पहिल्या ठिकाणी थांबतो. तिसऱ्या ठिकाणापर्यंत पोहोचावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याला कायद्याचा आधार आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यांसाठीचा अधिनियम २००७ मध्ये झाला. त्याच्या १९व्या कलमात राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एका वृद्धाश्रमापासून सुरुवात करावी, त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी, अशी तरतूद आहे. त्याच कलमात वृद्धाश्रमातल्या सेवांचे निकष, औषधोपचार आणि करमणुकीची साधने ठरवण्याचाही उल्लेख आहे. २२वे कलम अंमलबजावणीचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देण्याबाबत आहे. जिल्हाधिकारी म्हणून ते पद आपल्याकडेच आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे आहे.

हे काम इथे होऊ शकेल का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तर गडचिरोलीने पूर्वीच दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून इथल्या गावागावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. मूल का गेले हे घरी जाऊन विचारले. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी झोळीच्या काट्यावर बाळे तोलली, श्वास मोजले, जंतुदोष ओळखून उपचार केले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी तिथल्या नवजात मृत्युदरात, तुलनेच्या गावांतला बदल लक्षात घेता, ६२ टक्क्यांची निव्वळ घट झाली होती. पुढे २०११ मध्ये देशाने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिली. आधी मोजणी झाली, म्हणून उपाय सापडला आणि तो लागू पडला हे सिद्धही करता आले. ज्या मातीने आयुष्याच्या पहिल्या महिन्याचा हिशेब मांडायला जगाला शिकवले, तिथे आयुष्याच्या शेवटच्या वर्षांचाही हिशेब मांडता येईल.

काय मोजायचे, ते माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते.

पहिले, वजन. म्हाताऱ्या माणसाचे वजन महिन्याभरात पाच टक्क्यांनी किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांनी घटले, तर ती धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो गेले की कारण शोधायला हवे. दात नाहीत आणि ताटात कडक भाकरी आली, कवळी सैल झाली, तोंडात व्रण आहे, मन खचले आहे, क्षयरोग आहे, किंवा भरवायला माणूस नाही, यांपैकी काहीही असू शकते. आपल्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाण्याचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे प्रत्येकाचे तोंड उघडून गालाच्या आतली बाजू पाहिलीच पाहिजे. ताटात रोज मऊ भात, पातळ वरण आणि शिजलेली भाजी असते का, हेही पाहावे.

दुसरे, अंगावरच्या जखमा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तसे झाले नाही की पाठीला, माकडहाडाला, टाचांना बेडसोर होतात. वृद्धाश्रमात आल्यानंतर झालेला बेडसोर हा देखभालीचा सर्वांत खरा साक्षीदार आहे. अशा जखमा किती जणांना आहेत, कधी झाल्या, भरत आल्या की वाढल्या, याची नोंद हवी.

तिसरे, पडणे. कोण, कुठे, किती वाजता पडले हे लिहून ठेवले तर महिन्याभरात चित्र स्पष्ट होते. बहुतेक जण पहाटे संडासला जाताना पडत असतील, तर तिथे दिवा आणि धरायला कठडा हवा. पडल्याची एकही नोंद नसलेले रजिस्टर पाहून तपासणाऱ्याने समाधान मानू नये. वीस-पंचवीस वृद्ध राहतात तिथे वर्षभरात कुणीच पडले नाही, यापेक्षा कुणी लिहून ठेवले नाही ही शक्यता जास्त.

चौथे, औषधे. कोणाला कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरने, कधी लिहून दिली? झोपेच्या आणि शांत ठेवण्याच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत? रात्री कामाला माणूस कमी असला की गोळीवर भागवण्याचा मोह होतो. म्हणून एक भेट रात्री, न कळवता व्हावी आणि त्या वेळी किती माणसे जागी आहेत ते मोजावे.

पाचवे, माणसाचा अधिकार. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे दरमहा ज्याच्या नावावर येतात, त्याचे पासबुक कोणाकडे आहे? चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी ३००० रुपये देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज कोणी भरून दिला का? सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड काढले का? घरी फोन करता येतो का? मार्कंड्याच्या जत्रेला किंवा चैत्रात महाकालीच्या यात्रेला जायचे म्हटले तर कुणी नेते का? १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत भिंतीवर आहे का? आणि दिवसभर करायला काही काम आहे का? वरोऱ्याच्या आनंदवनात घराने आणि गावाने टाकून दिलेली माणसे शेती करत, विणत, संसार करत म्हातारी झाली. बाबा आमटे यांनी त्यांच्या हाताला काम दिले आणि त्या कामातून त्यांची मान ताठ झाली. ज्याला जमेल त्याला भाजी निवडू देणे, बाग राखू देणे, हाही देखभालीचाच भाग आहे.

शेवटचे, मृत्यू. वृद्धाश्रमात मृत्यू होणारच. पण प्रत्येक मृत्यूमागे चार ओळी असाव्यात : आजार काय होता, दवाखान्यात नेले का, नेले नाही तर का नाही, वेदना कमी करण्यासाठी काय केले.

यातले पुष्कळसे माणसाला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचे तर त्याच्या भाषेत विचारावे लागेल. भामरागड-एटापल्लीकडचा म्हातारा माडिया बोलतो, सिरोंच्याची आजी तेलुगू, मुलचेऱ्याकडची बंगाली, कोरचीकडची छत्तीसगढी, ब्रह्मपुरी-आरमोरीची झाडीबोली. साहेबांनी प्रमाण मराठीत “काही तक्रार आहे का?” असे विचारले आणि शेजारी व्यवस्थापक उभा असला, तर उत्तर “नाही जी” असेच येणार. त्याच्या बोलीतल्या बाईने बाजूला बसून, जेवण कसे आहे, रात्री हाक मारली तर कोण येते, कोण रागावते का, असे विचारले तर तोच माणूस तासभर बोलेल.

ऋतूंचाही विचार व्हावा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. वय वाढले की तहान कमी लागते, आणि वारंवार लघवीला उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे पाणी प्यायचेही टाळतात. पत्र्याच्या छताखाली ही माणसे पाहता पाहता कोमेजतात. म्हणून एक तपासणी भर उन्हाळ्यात व्हावी : दुपारी खोलीचे तापमान किती, हातापाशी पाणी आहे का, वीज गेली तर काय करतात. दुसरी पावसाळ्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तशा दिवसांत रक्तदाबाची आणि साखरेची औषधे किती दिवस पुरतील एवढी साठवली आहेत? प्रत्येक खाटेला मच्छरदाणी आहे का? गडचिरोलीत मलेरियाला विसरून चालत नाही.

इतर देशांनी ही वाट चालून पाहिली आहे. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या निवासांना तपासणीनंतर श्रेणी मिळते आणि ती दर्शनी भागात लावावी लागते. अमेरिकेत १९८६ च्या एका राष्ट्रीय अभ्यासाने शुश्रूषागृहांची वाईट स्थिती मांडली. १९८७ मध्ये कायदा झाला आणि माणसांना खुर्चीला, खाटेला बांधून ठेवण्याचे प्रमाण त्यानंतर खूप कमी झाले. २००८ मध्ये तिथे पाच ताऱ्यांची पद्धत आली, पण कर्मचारी किती आहेत ही माहिती संस्थाच भरून देत असत आणि तारे फुगत गेले. पुढे पगारपत्रकावरून पडताळणी सुरू करावी लागली. आपण यातून सरळ धडा घ्यावा : फॉर्म पाठवून माहिती मागवू नका, काटा घेऊन जा आणि स्वतः वजन करा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. आपल्याकडे वृद्धाश्रम मुळातच थोडे, बरेचसे देणग्यांवर चालणारे, अनुदान वेळेवर मिळेल याची खात्री नसलेले. कडक तपासणी केली तर चांगल्या मनाने काम करणारे लोक दार बंद करतील आणि तिथली माणसे रस्त्यावर येतील. ही भीती मला मान्य आहे. कमी पगारात, कुणाचेही आभार न मिळता, परक्या माणसाची घाण साफ करणारे हात मी जवळून पाहिले आहेत. त्यांना गुन्हेगार ठरवण्यासाठी ही तपासणी नको. पहिल्या वर्षी शिक्षा न करता मदत द्या. जिथे बेडसोर जास्त, तिथे उपजिल्हा रुग्णालयाची परिचारिका पाठवून कूस बदलायला आणि जखम धुवायला शिकवा. जिथे वजन घटते आहे, तिथे दंतवैद्य आणि धान्य पोहोचवा. जिथे रात्री माणूस नाही, तिथे पगाराची तरतूद शोधा. मात्र मारहाण, उपासमार, बांधून ठेवणे आणि पैसे हडपणे यांना पहिल्या दिवसापासून क्षमा नको.

आणखी एक सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यांतले बहुतेक वृद्ध वृद्धाश्रमात नाहीत, गावात आहेत. संक्रांतीनंतर तरुण माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि घरी म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात. वृद्धाश्रमांसाठी तयार केलेली हीच छोटी यादी आशाताईंच्या हाती दिली, तर त्या एकट्या घरांपर्यंतही पोहोचता येईल. सुरुवात मात्र जिथे माणसे एका छपराखाली आहेत तिथून करणे सोपे आहे.

म्हणून माझी मागणी अशी. दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एक तपासणी गट नेमावा. त्यात सरकारी रुग्णालयातली एक परिचारिका, समाजकल्याण विभागाचा एक अधिकारी, ज्येष्ठ नागरिक संघाचा एक सदस्य आणि तिथल्या रहिवाशांची बोली बोलणारी एक स्त्री असावी. गटाने वर्षातून तीनदा जावे : उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि एकदा रात्री न कळवता. प्रत्येक वृद्धाश्रमाचा निष्कर्ष एका पानावर, साध्या मराठीत, रहिवाशांची नावे गुप्त ठेवून लिहावा. ते पान वृद्धाश्रमाच्या दारावर, तहसील कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावे. आई-वडिलांना किंवा स्वतःला कुठे ठेवायचे हे ठरवणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे.

याला मोठा निधी लागत नाही. वजनकाटा, वही, गाडी आणि ऐकून घेणारी माणसे लागतात, आणि ती दोन्ही जिल्ह्यांकडे आहेत. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन आहे. त्या दिवशी शाल-श्रीफळाचा कार्यक्रम होईल, तो जरूर व्हावा. त्याच व्यासपीठावरून आपण पहिल्या अहवालाची तारीख जाहीर करावी. त्या गटासोबत जायला परिचारिका कमी पडली, तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
चंद्रपूर